काल्पनिक राष्ट्रगीत (विज्ञानसाहित्य)

काल्पनिक राष्ट्रगीत : कथा, कादंबरी किंवा चित्रमालिकेतील अस्तित्वात नसलेल्या राष्ट्राचे अधिकृत गीत. ज्या विज्ञानसाहित्यात लेखक संपूर्ण राज्यव्यवस्था कल्पून मांडतो, तेथे झेंडा, चलन आणि कायदे यांच्याबरोबर असे गीतही येते. काही ठिकाणी त्याचे शब्द दिलेले असतात, काही ठिकाणी ते वाजल्याचा नुसता उल्लेख असतो, तर काही ठिकाणी त्याची केवळ धून असते.

युरोपीय साहित्यात या गीताला बहुधा धाकाचे रूप आले. येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या ‘आम्ही’ या कादंबरीत (लेखन 1920-21) एकछत्री राज्याचे संचलनगीत वाजते आणि नावांऐवजी क्रमांक धारण करणारे नागरिक त्याच्या तालावर रांगेने चालतात. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’मध्ये (1949) ओशनियाचे राष्ट्रगीत घरातल्या पडद्यावरून वाजते आणि ते सुरू होताच घरातही सावधान उभे राहावे लागते. गीताचा गोडवा आणि सत्तेची नजर एकाच यंत्रातून घरात शिरतात, हे ऑर्वेलने फार नेमके टिपले आहे. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या अमेरिकी मालिकेत राष्ट्रगीत वेगळ्या वाटेने आले. 1978 सालच्या मूळ मालिकेचे शीर्षकसंगीत नव्या आवृत्तीत त्या विश्वातील वसाहतींचे राष्ट्रगीत म्हणून वाजवले गेले.

मराठीत या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारी कथा म्हणजे जयंत विष्णु नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. नारळीकरांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात झाला. बालपण बनारसमध्ये गेले, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली व ती पहिली आली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला येतात तेव्हा ती मुंबई त्यांच्या ओळखीची राहिलेली नसते. रेल्वेच्या डब्यांवर युनियन जॅक रंगवलेला असतो आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार चालू असतो. ग्रंथालयात स्वतःच लिहिलेला इतिहास चाळताना त्यांना फाटा सापडतो : 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, ती कानाला चाटून गेली. प्रत्यक्षात हरलेली ही लढाई मराठे जिंकले. कंपनी मोजक्या ठाण्यांपुरती उरली आणि पुढे मुंबईही इंग्रजांकडे 1908 सालच्या करारान्वये 2001पर्यंतच्या भाडेपट्ट्याने राहिली. दिल्लीचा बादशहा नाममात्र टिकला व देश यथावकाश लोकशाहीकडे वळला. या सगळ्याचा उलगडा नारळीकर पुंजभौतिकी आणि आपत्तिसिद्धांत यांच्या आधारे करतात, म्हणून ही कथा इतिहासरंजन न राहता विज्ञानकथा ठरते.

या पर्यायी भारताला कथेत राष्ट्रगीत नाही. देशाची ओळख पटते ती डब्यावरच्या झेंड्यातून, ग्रंथाच्या पानातून आणि आझाद मैदानावरील सभेतून. अध्यक्षाची खुर्ची रिकामी ठेवून भाषणे करण्याची तेथील रीत गंगाधरपंतांना सहन होत नाही. ते खुर्चीत जाऊन बसतात आणि लोकांचा रोष ओढवून घेतात. सत्तेच्या आसनाविषयी एखादा समाज काय मानतो हे सांगण्यासाठी नारळीकरांनी निवडलेला हा प्रसंग कोणत्याही गीताइतकाच बोलका आहे.

गीताची उणीव मात्र वास्तवातील एक गीत अनपेक्षितपणे भरून काढते. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे 19 फेब्रुवारी 2023 पासून महाराष्ट्राचे राज्यगीत आहे. भीमेकाठच्या घोड्यांची यमुनेपर्यंतची मजल आणि दिल्लीच्या तख्ताची राखण या दोन्ही गोष्टी त्यात येतात. इतिहासात महादजी शिंद्यांनी 1772 साली बादशहा शाहआलमला दिल्लीत पुन्हा गादीवर बसवले, तो काळ या अभिमानामागे आहे. नारळीकरांच्या कल्पित देशात तर ही राखण कायमचीच झालेली आहे. आपले राज्यगीत त्या देशात जवळपास जसेच्या तसे शोभले असते.

पूर्ण शोभले नसते, आणि अडचण नेमकी कोल्हापूरपाशी येते. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या छत्रपतींच्या दोन गाद्या वेगळ्या मान्य झाल्या होत्या. पानिपतचा विजय पेशव्यांचा, म्हणजे सातारच्या गादीच्या नावाने झालेला. त्या देशाच्या गीतात आधी कोणाचे नाव घ्यायचे : साताऱ्याचे, कोल्हापूरचे, पुण्याच्या पेशव्यांचे की दिल्लीच्या नाममात्र बादशहाचे? प्रत्यक्षातील कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले व तेथे हा प्रश्न मिटला. कल्पित भारतात तो जिवंत राहतो. राष्ट्रगीत हे प्रदेशांच्या नावांचा क्रमही ठरवत असते. ‘जन गण मन’मध्ये सिंधचे नाव फाळणीनंतरही कायम राहिले, यावरून अशा नावांचे वजन लक्षात येते.

नारळीकरांचे 20 मे 2025 रोजी पुण्यात निधन झाले. या कथेचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले आणि देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचले. गंगाधरपंतांच्या भारताचे राष्ट्रगीत लिहिण्याचे काम मराठी विज्ञानकथाकारांनी आता हाती घ्यावे. दोन गाद्यांचा पेच सोडवल्याखेरीज त्याची पहिली ओळही लिहिता येणार नाही.