ओल्ड म्युझिशिअन, द
एद्वार माने (१८३२–८३) या फ्रेंच चित्रकाराचे तैलचित्र (१८६२, सु. १८७ × २४८ सेंमी.). बॅरन ओसमान या प्रशासकाच्या नगररचनेत पॅरिसमधील गरीब वस्त्या पाडल्या जात असताना बेघर झालेल्या भटक्यांचे हे चित्रण आहे. मध्यभागी मांडीवर व्हायोलिन घेतलेला वृद्ध वादक थेट प्रेक्षकाकडे पाहतो. त्याच्यासाठी झां लाग्रेन हा रोमा वादक मॉडेल म्हणून बसला होता. डावीकडे तान्हुले घेतलेली मुलगी व दोन मुलगे आहेत. उजवीकडचा उंच टोपीवाला मानेच्याच ‘ॲबसिंथ ड्रिंकर’ या आधीच्या चित्रातून घेतलेला आहे. व्यक्ती शेजारी असूनही परस्परांकडे पाहत नाहीत. रचनेवर स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केथचा, तर पांढऱ्या पोशाखातील मुलावर फ्रेंच चित्रकार वातोचा प्रभाव आढळतो. चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.