डीटीएचची छत्री बसवताय? परभणीत दिशा कोणती, कोन किती आणि पैसे देण्याआधी काय तपासायचं?

सामना शेवटच्या षटकात आलेला असतो, बाहेर पावसाचे चार थेंब पडतात आणि टीव्हीवर 'नो सिग्नल' झळकतं. आपण पावसाला दोष देतो, मग कंपनीला. पण भुरभुर पावसात सिग्नल जात असेल, तर खोट बहुतेक वेळा छत्रीच्या फिटिंगमध्ये असते.

जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या एखाद्या गावात तालुक्याहून माणूस पुन्हा बोलवायचा म्हणजे जादा पैसे आणि दोन-चार दिवस टीव्ही बंद. म्हणून तंत्रज्ञ घरी असतानाच काय तपासून घ्यायचं, ते समजून घेऊ.

छत्रीला एवढी अचूक दिशा का लागते?

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. पृथ्वीसोबतच फिरत असल्यामुळे ते आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतात. म्हणूनच छत्री एकदा बसवली की हलवावी लागत नाही.

पण एवढ्या अंतरामुळे छोटी चूकही मोठी ठरते. इथे छत्री एक अंश सरकली, तर तिकडे नेम सहाशे किलोमीटरहून जास्त चुकतो. निरभ्र दिवशी थोडी चुकलेली छत्रीही चित्र दाखवते, कारण सिग्नल कसाबसा पुरतो. पाऊस आला की पाण्याचे थेंब सिग्नल शोषतात आणि हा काठावरचा सिग्नल तुटतो. नेम अचूक असेल, तर साधा पाऊस पचवण्याइतकी शिल्लक हाताशी राहते. फार जोराच्या पावसात मात्र चांगल्या फिटिंगचंही चित्र काही वेळ जाऊ शकतं.

परभणीतून कोणती दिशा?

फोनमधलं होकायंत्र उघडा. त्यात उत्तर म्हणजे ०, पूर्व ९० आणि दक्षिण १८० अंश. परभणी शहरासाठी गणित करून काढलेले हे आकडे पाहा. जिल्ह्यात इतरत्र एक-दोन अंशांचा फरक पडेल.

• डीडी फ्री डिश (उपग्रह ९३.५ अंश पूर्व): होकायंत्रावर सुमारे १३८, म्हणजे आग्नेय. आकाशातली उंची सुमारे ६० अंश.
• डिश टीव्ही (९५ अंश पूर्व): सुमारे १३५, उंची ५९ अंश.
• टाटा प्ले (८३ अंश पूर्व): सुमारे १६२, म्हणजे दक्षिणेच्या जवळ. उंची ६६ अंश.
• एअरटेल डिजिटल टीव्ही (१०८.२ अंश पूर्व): सुमारे ११८, म्हणजे पूर्वेकडे झुकलेली आग्नेय. उंची ४८ अंश.

लोखंडी पत्रे किंवा सळ्या जवळ असल्या की फोनचं होकायंत्र चुकतं, त्यामुळे दोन पावलं लांब उभं राहून दिशा बघा. हा अंदाज जागा निवडण्यापुरता आहे. शेवटचा नेम मीटरवरच लावायचा.

छत्रीकडे बघून मात्र फसू नका. घरगुती छत्र्यांची रचना अशी असते की थाळी उभी दिसते, पण तिची नजर दिसते त्यापेक्षा बरीच वर असते.

जागा कशी निवडायची?

छत्री आणि उपग्रह यांच्या मध्ये काहीही नको. फ्री डिशसाठी सोपा हिशोब असा: छत्रीसमोर १० फुटांवर झाड किंवा भिंत असेल, तर तिचं टोक छत्रीपेक्षा १७ फुटांहून उंच नसावं. एअरटेलची छत्री खालच्या कोनात बघते, तिथे हीच मर्यादा ११ फुटांच्या आसपास येते.

झाड आजचं नाही, दोन वर्षांनंतरचं बघा. पानगळीच्या दिवसांत कडुलिंबाच्या फांद्यांतून सिग्नल मिळून जातो, चैत्रात पालवी फुटली की तोच अडतो. शेजारच्या प्लॉटवर मजला चढणार असेल, तर तोही हिशोबात धरा.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्लॅब किंवा पक्की भिंत. पायाच्या प्लेटला अँकर बोल्ट हवेत. लाकडी गुट्ट्यात ठोकलेले खिळे टिकत नाहीत. पत्र्यावर थेट छत्री बसवू नका: वाऱ्यात पत्रा थरथरतो, नेम हलतो आणि भोकातून पाणी गळतं. पत्र्याचं घर असेल तर बाजूच्या भिंतीला किंवा जमिनीत काँक्रीट करून रोवलेल्या पाइपाला छत्री लावा. मातीच्या माळवदावरही बोल्ट धरत नाही, तिथेही असा पाइपच बरा.

पाइप पूर्ण सरळ उभा हवा. तो कलला असेल तर मापं चुकतात आणि नेम लावायला वेळ जातो.

विजेच्या तारांजवळ छत्री नकोच. पाइप उभा करताना किंवा वादळात पडताना तारेला टेकू शकेल अशी जागा असेल, तर ती सोडून द्या.

केबल आणि कनेक्टर: इथेच जास्त बिघाड

छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेला छोटा डबा म्हणजे एलएनबी. तो उपग्रहाचा सिग्नल केबलमधून जाऊ शकेल अशा रूपात आणतो. त्याला वीज सेट-टॉप बॉक्समधून याच केबलने मिळते. म्हणून बॉक्स चालू असताना केबल काढू-लावू नका. आधी स्विच बंद करा.

केबल आरजी-६ प्रकारची घ्या आणि छत्रीपासून बॉक्सपर्यंत अखंड ठेवा. मध्ये पिळून, टेप गुंडाळून मारलेला जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली तक्रार. एलएनबीच्या कनेक्टरवर रबरी टोपी किंवा पाणी न शिरणारी टेप हवी. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

तंत्रज्ञ जाण्याआधी पाच गोष्टी

१. सेट-टॉप बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलचं पान उघडायला सांगा. तिथे 'स्ट्रेंथ' आणि 'क्वालिटी' असे दोन आकडे दिसतात. महत्त्वाची क्वालिटी. छत्री भलत्याच उपग्रहाकडे असली तरी स्ट्रेंथ दिसू शकते. फ्री डिश आणि डिश टीव्हीचे उपग्रह आकाशात दीड-दोन अंशांच्याच अंतरावर आहेत, त्यामुळे ही गफलत सहज होते.
२. छत्रीला हाताने अगदी हलका दाब द्या. क्वालिटी घसरली आणि हात काढताच परत आली, तर ठीक. दाबल्यावर वाढली, तर नेम अजून चुकतोय.
३. सगळे नट घट्ट केल्यावर क्वालिटी पुन्हा बघा. आवळताना छत्री सरकते.
४. पाइप आणि छत्रीच्या पकडीवर ऑइल पेंटची एक आडवी-उभी खूण करून घ्या. वादळानंतर छत्री फिरली का, ते लगेच कळेल.
५. सिग्नलच्या पानाचा आणि छत्रीचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करता येईल.

पैसे किती द्यायचे?

ट्रायच्या २०१७ च्या नियमांत फिटिंगच्या शुल्काला ३५० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मधल्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता कंपन्या शुल्क ठरवू शकतात, पण ते जाहीर करणं त्यांना बंधनकारक आहे. म्हणून कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर दर आधीच पाहा. पाइप, जादा केबल यांचे पैसे वेगळे लागतील का, तेही विचारा. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधून मिळेल तो लावू नका, बॉक्सवर किंवा अ‍ॅपमध्ये दिलेलाच लावा. फिटिंगसाठी कुणी बँकेचा ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या.

प्रसार भारतीच्या फ्री डिशला मासिक भाडं नाही. पण त्यामुळेच घरी येऊन दुरुस्ती करणारी कंपनीही मागे नसते. तिथे दुकानदाराचं पक्कं बिल हाच आधार. बॉक्सची वॉरंटी आणि फिटिंगची हमी त्यावर लिहून घ्या.

कंपनीकडे तक्रार केली तर तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि परभणीतला जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे बिल आणि फोटो कामाला येतात.

वीज कडाडत असेल तर?

मराठवाड्यात मे-जूनच्या वादळी पावसात विजा जास्त पडतात. ढग जमायला लागताच टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढा, त्यानंतर छत्रीची केबलही बॉक्सपासून सोडवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नका. छत्री हलली म्हणून विजा चमकत असताना गच्चीवर तर जाऊच नका.

आणि मार्चच्या पूर्वार्धात किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोज ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र गेलं, तर तंत्रज्ञ बोलवू नका. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि सिग्नल दबतो. काही दिवसांत ते आपोआप थांबतं.