पाटाचं पाणी आणि पांढरं रान

नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. त्याआधी आमच्याकडं पावसानं दिली तर बाजरी, नाहीतर माणसं पोटामागं देशोधडीला. पाट आला, उसाची गुऱ्हाळं लागली. पण पंचवीस वर्षांतच सखल रानं पांढरी पडू लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तांहाने यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. म्हणजे हे दुखणं माझे वडील जन्मायच्या आधीचं. आम्हाला मात्र कुणीतरी दरवेळी ते नव्यानं सांगतं.

जुनी माणसं रान डोळ्यानं आणि पायानं जोखायची. उन्हाळ्यात सकाळी मीठ फुटलेलं दिसायचं. लव्हाळा माजायचा. शेजारी पेरणी उरकली तरी इथं वाफसा नाही, आणि वाळलं की दगड. आजी तर चिमूटभर माती जिभेवर ठेवायची! ती पारख खोटी नव्हती. पण पांढऱ्या रानाच्या दोन जाती, आणि त्या जिभेला कळत नाहीत. एकात नुसते क्षार साठलेले असतात. निचरा केला की गोड्या पाण्यानं धुऊन जातात. दुसरं चोपण. त्यात सोडियम मातीच्या कणाला धरून बसतो, माती मिटते, पाणी खाली जातच नाही. तिथं जिप्सम घालावं लागतं. हा फरक परीक्षणात कळतो. सामू साडेआठच्या वर गेला की चोपणाचा संशय धरायचा.

नमुना घेतानाही बरेच लोक बांधावरची मूठभर माती पिशवीत कोंबतात. बांध, झाडाची सावली, उकिरडा सोडून आठ-दहा जागी वीतभर खड्डा घ्यावा, कडेची माती तासून घ्यावी, एकत्र कालवून अर्धा किलो ठेवावी. खत टाकल्यावर लगेच तर घेऊच नये.

माझ्या खालच्या दीड एकराचा सामू ८.९ आला. जिप्सम मिळेल, तागही गाडता येईल. पण चर नसेल तर सुटलेला सोडियम जाणार कुठं? रान चोपण झालं ते वरच्या उसाच्या पाझरानं, आणि ओढ्यापर्यंत चर न्यायचा तर मध्ये चौघांचे बांध. तिघं हो म्हणाले. चौथा भावकीतला. "दादा, ऊस तुटू दे, मग बघू," म्हणतो. दोन हंगाम झाले, त्याचा खोडवा अजून उभा आहे. अलीकडं त्याच्याही खालच्या कोपऱ्यात लव्हाळा दिसतोय.