नांवाचा वनवास

व्यापाराचा इतिहास वाचतांना आपण बहुधा माल, जकात आणि जहाजें यांचाच हिशेब पाहतों. परंतु जो माल परक्याच्या स्वयंपाकघरांत जाऊन नांदावयाचा, त्याचें एवढ्यानें भागत नाहीं. तो गृहिणीच्या हातास रुचावा लागतो, तिच्या घराच्या मापांत बसावा लागतो, आणि तिनें विश्वासानें घ्यावें असें नांवही त्यास असावें लागतें. युरोपांतील गृहोपयोगी यंत्रांचे कारखानदार अमेरिकेंत कसे शिरले, हें पाहतांना स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीची कथा आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते.

या कंपनीचा मूळ पुरुष आक्सेल वेन्नर-ग्रेन. १९०८ सालीं व्हिएन्ना येथील एका दुकानांत केर ओढून घेणारें यंत्र त्याच्या दृष्टीस पडलें आणि त्यावरून त्यास या धंद्याची कल्पना सुचली, असें सांगतात. गंमत अशी, कीं तें यंत्र अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें तयार झालेलें होतें. त्याच सुमारास स्टॉकहोमची लक्स ही कंपनी रॉकेलचे दिवे करीत असे. विजेचा प्रसार होऊं लागल्यावर दिव्यांचा धंदा बसणार हें उघड होतें. १९१९ सालीं ती दुसऱ्या एका कंपनीशीं एकत्र होऊन इलेक्ट्रोलक्स जन्मास आली. १९२१ च्या नमुन्यांत यंत्र आडवें करून त्याखालीं घसरपट्ट्या बसविल्या, त्यामुळें तें सहज मागें ओढतां येऊं लागलें.

१९२४ पासून हीं यंत्रें अमेरिकेंत विकलीं जाऊं लागलीं. विक्रीची रीत दारोदार जाण्याची. विक्रेत्यानें घरांत यावें, सतरंजीवरून यंत्र फिरवावें आणि निघालेली धूळ गृहिणीस दाखवावी, कीं वादास जागाच उरत नसे. पुढें कनेक्टिकट संस्थानांत ओल्ड ग्रीनिच येथें कारखानाही निघाला. दुसरीकडे बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघां स्वीडिश विद्यार्थ्यांनीं १९२२ सालीं असें शीतकपाट शोधून काढलें होतें, कीं ज्यास मोटार लागत नसे. साधी ज्योत पेटवावी, तिच्या उष्णतेनें अमोनिया फिरूं लागे, आणि कपाट आवाज न करतां थंड राही. इलेक्ट्रोलक्सनें तो शोध १९२५ सालीं आपलासा केला, आणि इंडियाना संस्थानांतील एव्हान्सव्हिल येथील सर्व्हेल कंपनीनें परवाना घेऊन तीं कपाटें अमेरिकेंत तयार केलीं. अशा रीतीनें हें परकीय नांव हजारों घरांत घरचें होऊन गेलें.

आणि मग तें नांव विकलें गेलें. १९६७ सालीं हान्स वेर्थेन यांनीं कंपनीचीं सूत्रें हातीं घेतलीं. धंदा वाढवावयाचा तर भांडवल हवें होतें. १९६८ सालीं अमेरिकन शाखेंतील आपला वांटा इलेक्ट्रोलक्सनें कन्सॉलिडेटेड फूड्स या कंपनीस दिला, आणि त्याबरोबर त्या खंडांत स्वतःचें नांव वापरण्याचा अधिकारही गेला. हा व्यवहार मूर्खपणाचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. हातीं आलेल्या पैशाचा उपयोग त्या क्षणीं दिसत होता, गेलेल्या नांवाची किंमत मात्र कोणत्याच खातेवहींत लिहिलेली नव्हती.

ती किंमत लवकरच कळूं लागली. स्वीडिश कंपनीस पुन्हां अमेरिकेंत जावयाचें होतें, पण कोणत्या नांवानें? १९७४ सालीं तिनें युरेका हें केरयंत्राचें नांव त्याच्या कारखान्यासह विकत घेतलें. म्हणजे खरी इलेक्ट्रोलक्स युरेका होऊन बाजारांत उतरली, आणि समोर प्रतिस्पर्धी म्हणून कोण? तर इलेक्ट्रोलक्स! १९७९ सालीं चुलींसाठीं प्रसिद्ध असलेली टॅपन कंपनी घेतली. १९८६ सालीं व्हाइट कन्सॉलिडेटेड घेतली, आणि तिच्याबरोबर फ्रिजिडेअर, केल्व्हिनेटर, गिब्सन हीं जुनीं नांवें हातीं आलीं. आपल्याकडे वनस्पति तुपास सरसकट डालडा म्हणत, तसे जुने अमेरिकन लोक कोणत्याही शीतकपाटास फ्रिजिडेअर म्हणत. दुसऱ्यांनीं मिळविलेल्या पुण्याईवर जगण्याची ही पाळी होती.

याच्या उलट मार्ग जर्मनांचा. मीले कंपनीनें १९८३ सालीं आपल्याच नांवानें अमेरिकेंत शाखा उघडली. १९९७ सालीं बॉश नांवाच्या यंत्रांच्या कारखानदारांनीं नॉर्थ कॅरोलिनांत न्यू बर्न येथें भांडीं धुण्याच्या यंत्रांचा कारखाना काढला. त्यांस वेगळी अडचण आली, ती मापाची. युरोपांत यंत्राची रुंदी ६० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें २४ इंच. अमेरिकेंत कपडे धुण्याचें यंत्र २७ इंच, चूल ३० इंच आणि शीतकपाट ३६ इंचांपर्यंत. तिकडे विजेचा दाब १२० व्होल्ट, इकडे २३०. अमेरिकन गृहिणी यंत्राचें झांकण वरून उघडी, युरोपीय यंत्राचें दार समोर असे. भांडीं धुण्याच्या यंत्रासाठीं मात्र अमेरिकन ओट्याखालींही २४ इंचांचीच जागा सोडलेली असे. जर्मन मालाचें बस्तान त्या यंत्रानें बसलें, याचें एक कारण ही तयार जागा होय असें आम्हांस वाटतें. माप जुळविणें कष्टाचें खरें, पण तें पैसा आणि कौशल्य यांनीं साधतें. नांवाची गोष्ट तशी नाहीं.

२००० सालीं इलेक्ट्रोलक्सनें अमेरिकेंत आपलें नांव वापरण्याचा अधिकार पैसे मोजून परत मिळविला, आणि तेथील जुन्या कंपनीनें एरस हें नवें नांव घेतलें. श्रीरामचंद्रांचा वनवास चौदा वर्षांचा, हा बत्तीस वर्षांचा! पण अयोध्येंत पादुका तरी राखलेल्या होत्या. येथें तीस-बत्तीस वर्षें दुसरेच लोक त्या नांवानें दारोदार हिंडले, यंत्रें दुरुस्त करीत राहिले, आणि घरोघरीं तें नांव त्यांच्याच चेहऱ्यानें ओळखलें गेलें. म्हणून २००० नंतरही कंपनीचा बराचसा माल तेथें फ्रिजिडेअर म्हणूनच विकला गेला. मालकी कागदावर परत आली, ओळख मात्र जेथें रुजली होती तेथेंच राहिली.

नांव कारखान्यांत जन्मतें खरें, पण तें वाढतें दुसऱ्याच्या उंबरठ्यावर: विक्रेत्याच्या चिकाटीनें आणि गृहिणीच्या अनुभवानें. म्हणूनच त्याचा पुरा मालक कोणीच नसतो, आणि विकणारा जें विकतो त्यांत त्याचें स्वतःचें थोडें व इतरांचें पुष्कळ असतें.