एक मंडळी, दोन नावे

मंडळी फुटली, हे शब्द मराठी कानांना नवे नाहीत. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे पाचच वर्षांनी त्याच किर्लोस्कर मंडळीतून दीनानाथ मंगेशकर निघाले आणि बळवंत संगीत मंडळी स्थापन झाली. आपल्या सिंधुदुर्गात तर दशावतारी मंडळींमध्ये असल्या घडामोडी नित्याच्याच. या हंगामात एका मंडळीत संकासुर करणारा नट पुढल्या जत्रेत दुसऱ्याच मंडळीत दिसला, तर देवळाच्या आवारात बसलेला प्रेक्षक चार शब्द बोलतो आणि खेळ पाहू लागतो.

श्रोतेहो, आज ज्या मंडळीची हकीकत मी सांगणार आहे ती मात्र निराळ्या जातीची आहे. तिच्यात राजपार्ट नाही, स्त्रीपार्ट नाही, मृदंग नाही, पायपेटी नाही. १९८४ साली मुंबईत उभा राहिलेला हा एक वाद्यमेळ. त्याचे नाव रॉक मशीन. पुढे तो इंडस क्रीड झाला, १९९७ साली मोडला आणि तेरा वर्षांनी, २०१० साली, पुन्हा जुळला. तो वाजवीत असे ते संगीत म्हणजे हार्ड रॉक. हे नाव ऐकून वडीलधाऱ्यांपैकी काहींनी रेडिओचा कान पिळण्यासाठी हात पुढे केला असेल, तर त्यांना एवढीच विनंती की पंधरा मिनिटे थांबावे. गोष्ट आवाजाची कमी आणि माणसांची जास्त आहे.

हार्ड रॉक म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. विजेवर चालणाऱ्या गिटारीचा आवाज ध्वनिवर्धकाच्या सोसण्यापलीकडे नेला की तो फाटतो. आपण तंबोरा लावताना ज्वारीची जी काळजी घेतो तीच काळजी हे लोक आवाज नेमका किती आणि कसा फाटावा याची घेतात. त्या फाटण्यातच त्यांची चव. सोबत खर्ज सांभाळणारी बेस गिटार, ड्रमचा जोरकस ठेका आणि वरच्या पट्टीत गाणारा गळा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात हे संगीत आकाराला आले. डीप पर्पल ही त्यातली एक अग्रगण्य मंडळी १९६८ साली निघाली, १९७६ साली फुटली आणि १९८४ साली नव्या गाण्यांची तबकडी घेऊन परत आली. म्हणजे पाहा, तिकडे एक फुटलेली मंडळी जुळत होती त्याच वर्षी इकडे मुंबईत रॉक मशीनचा जन्म होत होता.

मुंबईला असले वाद्यमेळ तोवर अपरिचित नव्हते. साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत हॉटेलांतून, कॉलेजांच्या संमेलनांतून ते वाजत. सिमला या सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या, त्या आजही शौकीन जपून ठेवतात. परंतु बहुतेकांची कसोटी एकच होती. परदेशी तबकडीवर जे ऐकले ते हुबेहूब वाजवता येते की नाही? जो जितका हुबेहूब तो तितका मोठा. आपल्या दशावताराचे याच्या अगदी उलट. तिथे कथा सर्वांना तोंडपाठ, पण संहिता लिहिलेली नाही. भाषणे नटाने आयत्या वेळी रचायची. काल कणकवलीला द्रौपदी जे बोलली तेच आज मालवणला बोलली तर प्रेक्षक कुजबुजतो. मुंबईच्या रॉक श्रोत्याला मात्र एक सूर इकडचा तिकडे झालेला खपत नसे.

रॉक मशीनही प्रथम याच वाटेने गेली. महेश तिनईकर यांची गिटार आणि मार्क सेल्विन यांची बेस गिटार हे तिचे सुरुवातीचे खांब. पुढे उदय बेनेगल गायक म्हणून, जयेश गांधी दुसऱ्या गिटारीवर, मार्क मेनेझेस ड्रमवर आणि झुबिन बालापोरिया कीबोर्डवर, असा मेळ जमला. आडनावे नुसती एकापुढे एक वाचली तरी मुंबई डोळ्यांसमोर उभी राहते. साधनांची अडचण तर विचारूच नका. परदेशी वाद्यांवर भरमसाट जकात होती. चांगली गिटार हवी तर परदेशातून येणाऱ्या कुणाची तरी वाट पाहायची, नाहीतर कलकत्त्याच्या गिवसन कंपनीच्या गिटारीवर समाधान मानायचे. अशा दिवसांत या पोरांनी ठरवले की दुसऱ्यांची गाणी पुरे झाली, आता आपली गाणी वाजवायची.

माझ्या मते या मंडळीच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हाच. फाटाफूट आणि पुनर्मीलन या नंतरच्या गोष्टी. ओळखीचे गाणे सुरू होताच उसळणारे कॉलेजचे आवार अनोळखी गाण्याला थंड पडते, आणि तो थंडपणा सोसून दुसरे अनोळखी गाणे सुरू करायला छाती लागते. याच सुमारास आपल्या शेजारीही तोच प्रयोग चालला होता. शिरोड्याहून पुढे तेरेखोल ओलांडावी, पेडणे तालुका मागे टाकावा, की शापोऱ्याच्या पैलतीरी शिवोली लागते. तिथे रेमो फर्नांडिस यांनी १९८४ सालीच 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत घरच्या घरी मुद्रित केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवली. मुंबईच्या मंडळीला त्यासाठी आणखी चार वर्षे लागली. 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही तिची पहिली ध्वनिफीत १९८८ साली आली, दुसरी 'द सेकंड कमिंग' १९९० साली. भारतातल्या रॉक मंडळीने संपूर्णपणे स्वतःची गाणी बाजारात मांडावी, ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट होती.

आता कुणी विचारील, गाणी इंग्रजी, वाद्ये विलायती, घाट विलायती, मग यात स्वतःचे ते काय? प्रश्न रास्त आहे. पण तो फक्त यांनाच का विचारायचा? विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला नाटक उभे केले ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. किर्लोस्करांच्या मनात १८८० सालच्या 'शाकुंतला'ची उभारी आली त्यामागे पारशी मंडळींच्या संगीत नाटकांची प्रेरणा होती. आणि दशावतारातली पायपेटी तरी कुठली? ती युरोपातून आली. याच आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले आणि ते पुन्हा किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. त्या तीस वर्षांत आमच्या जत्रांतून पेटी एक रात्रही थांबली नाही, कारण तिच्यावर वाजत होते ते आमचे होते. उसनवारीची लाज बाळगण्याचे कारण नाही. उसने घेऊन तेच परत मोजून दिले तर त्याला व्यापार म्हणावे. त्यात भर घातली तर ती कला. रॉक मशीनने भर घालण्याचा प्रयत्न केला, एवढे तरी कबूल केले पाहिजे.

१९९१ साली उपग्रहावरून परदेशी दूरदर्शन वाहिन्या घरात आल्या आणि त्यांच्यासोबत एमटीव्ही आली. रॉक मशीनच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याची चित्रफीत तिच्यावर गाजली आणि १९९३ साली आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार घेऊन गेली. त्याच वर्षी मंडळीने नाव बदलले. रॉक मशीन हे नाव जगात कुठल्याही गावच्या कुठल्याही मेळाला शोभले असते. इंडस क्रीड म्हणजे सिंधूचा पंथ. हे नाव एका विशिष्ट भूमीचे आहे. (आपल्या जिल्ह्याच्या नावातला सिंधू म्हणजे समुद्र आणि यांचा सिंधू म्हणजे नदी, हा भेद जाता जाता सांगून ठेवतो.) दहा वर्षे कमावलेले नाव टाकणे ही साधी गोष्ट नव्हे. दशावताराच्या मालकाला विचारा, तो पेटारा विकील पण मंडळीचे नाव विकणार नाही.

नव्या नावाची ध्वनिफीत १९९५ साली आली, आणि नेमक्या याच वर्षाने घात केला. अलिशा चिनॉय यांची 'मेड इन इंडिया' आणि दलेर मेहंदी यांची 'बोलो ता रा रा' ही दोन्ही याच सालची. कॅसेटच्या व्यापाऱ्यांना उमगले की हिंदी किंवा पंजाबी बोलांचे, ठेक्याचे, सुटसुटीत गाणे खेडोपाडी लाखांनी खपते. मग मूठभर शहरांतल्या मूठभर पोरांसाठी इंग्रजी रॉक काढायचा कुणी? ज्या वाहिन्यांनी इंडस क्रीडला घरोघरी नेले त्याच वाहिन्या आता हिंदीकडे वळल्या. १९९७ साली मंडळी फुटली. बेनेगल आणि गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' हा नवा मेळ काढला आणि न्यूयॉर्कची वाट धरली.

किर्लोस्कर मंडळी फुटली तेव्हा बाहेर पडलेल्यांना थिएटर भरून प्रेक्षक मिळाले. फाटाफुटीने एकाची दोन झाली, दोनाची तीन झाली, आणि पुढे १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान' एकत्र केले तेव्हा तर मुंबई लोटली. म्हणजे तिथे माणसांत अंतर पडले, पण श्रोता जागेवर होता. इंडस क्रीडच्या बाबतीत जागेवरून हलला तो श्रोता. म्हणून तिच्या फुटण्यातून मुंबईत दोन मंडळ्या झाल्या नाहीत, एक होती तीही गेली. मंडळी फुटली की आपण लगेच भांडण कुणाचे, पैसा किती, असे विचारू लागतो. येथे मला त्यापेक्षा ऐकणाऱ्यांचा हिशेब महत्त्वाचा वाटतो.

मधल्या तेरा वर्षांत मुंबईत बरेच काही पालटले. धोबीतलावजवळच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' हा मेळावा भरत असे. जवळच रुग्णालये असल्यामुळे आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम कडक झाल्यामुळे तिथले गाणे बंद पडले. उलट लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' हा संगीताचा क्लब उघडला. हा पत्ता ऐकून आपल्याकडच्या कित्येक घरांत कान टवकारतील. गिरणगावात मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडच्या चाकरमान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळ्या भरल्या. त्यांच्यासाठी दशावतारी मंडळी गावाहून मुंबईला जात. १९८२ च्या संपानंतर भोंगे हळूहळू थांबले आणि त्याच आवारांत पंचवीस वर्षांनी तिकीट काढून गिटार ऐकायला येणारा नवा श्रोता जमू लागला. तो नोकरदार होता, खिशात पैसा होता आणि मुख्य म्हणजे त्याला मुंबईच्याच मंडळीची स्वतःची गाणी ऐकायची सवय लागली होती. पुण्यात २०१० च्या डिसेंबरात 'एनएच ७ वीकेंडर' हा महोत्सव सुरू झाला, तोही या श्रोत्याच्या भरवशावर.

त्याच २०१० साली इंडस क्रीड पुन्हा उभी राहिली. पण पुन्हा म्हणजे जशीच्या तशी नव्हे. जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे राहिले. बेस गिटार रुशाद मिस्त्री यांच्याकडे आणि ड्रम जय राव कवी यांच्याकडे आले. हे दोघे नव्या पिढीतले. जुन्यांनी नव्यांना हाताशी धरले असे म्हणावे, की नव्यांनी जुन्यांना उभे केले असे म्हणावे? मला दुसरेच खरे वाटते. ठेका आणि खर्ज ही दोन्ही कामे तरुण हातांत गेली की मंडळीचे वय आपोआप उतरते, हे आपला कोणताही मृदंगी सांगेल.

परत आलेल्या मंडळीपुढे जुनाच पेच नवा वेष घेऊन उभा राहतो. पूर्वी श्रोता परक्यांची ओळखीची गाणी मागत होता. आता चाळिशीला आलेला तोच श्रोता यांचीच जुनी गाणी मागणार. नुसत्या त्या मागणीवर चार-दोन हंगाम आरामात निघाले असते, आणि तसे कुणी केले तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, पोट सर्वांनाच असते. इंडस क्रीडने मात्र दोन वर्षे खपून नवी गाणी रचली. अमेरिकेतल्या पर्ल जॅमच्या 'टेन' या गाजलेल्या तबकडीचे ध्वनिमिश्रण करणारे टिम पामर यांच्याकडे तिचे ध्वनिमिश्रण सोपवले आणि २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' प्रसिद्ध केली. १९९५ नंतरची ही त्यांची पहिलीच ध्वनिमुद्रिका, मध्ये सतरा वर्षांची खिंड. तीत जुने एकही गाजलेले गाणे पुन्हा घातलेले नाही.