सोयराबाई, हंबीरराव आणि बुऱ्हाणपूर

झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. मालिका संपली, पण सोयराबाईंवरचा खटला काही संपला नाही. चारचौघांत विषय निघाला की लगेच बाजू पडतात. "सावत्र आई ती, दुसरं काय करणार?" हे एक मत. "पोटच्या पोरासाठी कुठल्या आईचा जीव तुटत नाही?" हे दुसरे. आणि "बाई वाईट नव्हती हो, अण्णाजींनी कान भरले!" हे तिसरे. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला आणि ही चर्चा पुन्हा नव्याने रंगली.

गंमत अशी की 'चार दिवस सासूचे' बघतानाही आपण हेच बोलत होतो. कोण कोणाचे कान भरते, कोण कोणाच्या वाईटावर आहे. घरगुती मालिकेचा चष्मा तोच राहिला, फक्त वाड्याच्या जागी रायगड आला. त्या चष्म्यातून काय दिसते आणि काय दिसत नाही, ते पाहण्यासाठी आपण बुऱ्हाणपूरला जाऊ. 'छावा'ची सुरुवातही तिथल्या लुटीनेच होते.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून, तापीच्या काठी आहे. मोगलांसाठी ते दक्षिणेचे दार. आणि घरगुती नाटकांचे म्हणाल तर या शहराएवढी क्वचितच कोणी पाहिली असतील. १६२२ मध्ये शाहजादा खुसरो इथेच सावत्र भावाच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या, कैदेत मेला. १६३१ मध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात इथेच गेली. ताजमहालाआधी तिचा देह तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत पुरला होता. औरंगजेबासारखा कोरडा माणूस तरुणपणी हिराबाईच्या प्रेमात पडला तोही इथेच!

आता १६८१ चा जानेवारी महिना पाहा. १६ जानेवारीला रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. आणि ३० जानेवारीला, म्हणजे अवघ्या चौदा दिवसांनी, मराठ्यांची फौज बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यात शिरली. तटाबाहेरचे श्रीमंत पुरे तीन दिवस लुटले जात होते. पुढे तिथल्या प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला लिहिले, की आमच्या जिवाची आणि मालाची ही अवस्था असेल तर आम्हाला शुक्रवारची नमाजच थांबवावी लागेल. बादशहाला झोंबेल असेच ते लिहिणे होते.

या फौजेचे नेतृत्व कोणाकडे होते? सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्याकडे. हंबीरराव म्हणजे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामांचे सख्खे मामा. मला वाटते, मालिकेवरच्या सगळ्या चर्चेत हा माणूस फार लवकर हातावेगळा केला जातो. "तो निष्ठावंत होता" एवढे म्हटले की आपण पुढच्या प्रसंगाकडे वळतो.

जरा मागे जाऊ. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराज गेले, तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. सोयराबाई ही १६७४ च्या राज्याभिषेकातली पट्टराणी, आणि तिचा मुलगा राजाराम दहा वर्षांचा. संभाजीराजे १६७८ च्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले होते आणि वर्षभराने परत आले होते. अशा युवराजाच्या हाती राज्य द्यायचे का, हा प्रश्न प्रधानांपुढे खरोखरच होता. त्यांनी एप्रिलमध्येच राजारामांना मंचकावर बसवले. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना धरायला पन्हाळ्याकडे निघाले. हंबीररावांचा तळ कऱ्हाडच्या बाजूला होता. भाचा गादीवर बसला तर मामाच्या हाती किती सत्ता येईल, हे त्यांना कळत नसेल? तरी त्यांनी बहिणीची बाजू सोडली आणि प्रधानांनाच धरून संभाजीराजांपुढे नेऊन उभे केले.

घरगुती मालिकेच्या गणितात हे बसत नाही. तिथे रक्त रक्ताकडे ओढते. हंबीररावांच्या डोळ्यांपुढे मात्र सैन्य होते, आणि औरंगजेब दक्षिणेत उतरला तर दहा वर्षांच्या राजाच्या नावाने ते लढणार कसे, हा प्रश्न असावा. हा माझा तर्क आहे. पण तो खरा असेल तर सोयराबाईंचा हेतूही 'सावत्रपणा' या एका शब्दात मावत नाही. भाऊ आणि बहीण दोघेही राज्य कोणाच्या हाती टिकेल याचा विचार करत होते, आणि दोघांची उत्तरे वेगळी निघाली.

मी सरकारी कारकून. कागद हाती आला की आधी त्याची तारीख बघायची, मग तो कोणी कोणासाठी लिहिला ते बघायचे, ही सवय हाडात मुरलेली. २४ ऑगस्ट १६८० ची तारीख असलेले एक संस्कृत दानपत्र आहे, संभाजी महाराजांनी आपल्या शेजारच्या कुडाळच्या बाकरे शास्त्रींना दिलेले. त्यात ते या सावत्र आईला स्फटिकासारख्या निर्मळ मनाची म्हणतात! बंडाला जेमतेम चार महिने झाले होते. दानपत्रात घरच्यांविषयी चांगलेच लिहितात, हे मान्य. पण रायगडावर येताच त्यांनी सोयराबाईंना भिंतीत चिणून मारले ही बखरींनी पसरवलेली कथा या तारखेपुढे टिकत नाही. त्या वारल्या ऑक्टोबर १६८१ मध्ये.

त्या मृत्यूआधी आणखी एक मुलगा गोष्टीत येतो. औरंगजेबाचा बंडखोर शाहजादा अकबर बापाला सोडून जून १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. असंतुष्ट प्रधानांनी त्याला कटात ओढण्यासाठी पत्र लिहिले, आणि त्याने ते महाराजांना दाखवले. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी यांना मृत्युदंड झाला. थोड्याच दिवसांत सोयराबाई गेल्या. नोव्हेंबरमध्ये मुलाच्या मागावर औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात पोचला. तो उत्तरेत परत गेलाच नाही.

हा अकबर आपल्याला परका नाही. १६८३ मध्ये तो जहाजाच्या शोधात आपल्या डिचोलीत येऊन राहिला होता. तिथला नमाजगाह त्यानेच बांधला असे म्हणतात. रायगडावरच्या त्या घरातल्या शेवटच्या कटाचा साक्षीदार आपल्या अंगणातून गेला आहे.

आता गोष्ट सांगणाऱ्यांकडे वळू. संभाजी महाराजांना व्यसनी आणि क्रूर ठरवणारी बखर मल्हार रामराव चिटणीसांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली. ते मृत्युदंड झालेल्या बाळाजी आवजींचे वंशज. मग त्यांच्या लेखणीचा हेतू काय असेल? पुढे गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'ने तीच प्रतिमा रंगभूमीवर नेली. १९६० मध्ये वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र आले आणि कागदपत्रांच्या आधारे ती पुसली जाऊ लागली. पण खलनायकाची जागा रिकामी राहीना. संभाजी महाराज तिथून उठले आणि आपण सोयराबाईंना बसवले. 'छावा'नंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. तीनशे वर्षांपूर्वीच्या पात्राचा हेतू आजच्या आडनावाला चिकटतो, तो असा.

पडद्यावरचे खरे मानण्याची ताकद किती, ते बुऱ्हाणपूरनेच दाखवले. मार्च २०२५ मध्ये असीरगड किल्ल्याजवळच्या गावात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेते खणू लागले. मोगलांचे सोने तिथे पुरले आहे म्हणे! त्यांना आपण हसलो. पण एका अभिनेत्रीच्या डोळ्यांतला भाव बघून साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या मनात काय होते ते सांगणारे आपण तरी काय वेगळे करतो?

मालिका बघू नये असे माझे म्हणणे नाही. तिच्यामुळे घराघरांत १६८० सालाची चर्चा झाली, हे उपकारच. फक्त पुढच्या वेळी "ती अशी का वागली?" असे विचारताना "हे मला कोण सांगतोय, आणि का?" हेही विचारूया. सोयराबाईंना त्यांची बाजू मांडायला आता कोणी उरलेले नाही. निदान निकाल देण्याआधी आपण कागद तरी वाचावेत.