आजार डोक्याचा, कारण ताटात

घरातली म्हातारी विसरायला लागली, असंबद्ध बोलायला लागली की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." आज एका जुन्या आजाराचा इतिहास सांगते. त्यात माणसं भ्रमिष्ट व्हायची, आणि कारण होतं ताटात.

आजाराचं नाव पेलाग्रा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, मग जुलाब, मग बुद्धिभ्रंश आणि शेवटी मरण. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरांनी तो ओळखला. तो व्हायचा मक्यावर जगणाऱ्या गरिबांना.

मका मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या बायका तो चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटायच्या. त्यामुळे मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागायचं. युरोपात मका पोचला, पण बायकांची ही रीत पोचली नाही. इटलीत तर पेलाग्राच्या रोग्यांनी वेड्यांची इस्पितळं भरली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो माणसं यानं आजारी पडली. लोक म्हणत, हा संसर्ग आहे. १९१४ साली सरकारनं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. त्यांच्या लक्षात आलं, की अनाथाश्रमात आणि वेड्यांच्या इस्पितळात आजार होतो तो तिथं राहणाऱ्यांना; त्यांची सेवा करणाऱ्यांना होत नाही. संसर्ग असता तर त्यांनाही झाला असता. फरक होता जेवणाचा. त्यांनी आश्रमातल्या जेवणात दूध, अंडी, मांस, कडधान्य वाढवलं आणि आजार हटला.

तरी लोकांना पटेना. १९१६ साली डॉक्टरांनी रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही टोचून घेतलं. कुणालाही आजार झाला नाही. गिरणीकामगारांच्या वस्त्यांत पाहणी केली, तेव्हा तरुण बायकांत हा आजार पुरुषांपेक्षा जास्त दिसला. १९३७ साली एल्वेजेम या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून कळलं, की कमी पडत होतं ते नायसिन.

हे लांबचं वाटेल, पण आपल्या दख्खनच्या पठारावरही पेलाग्रा होता. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. रोगी होते मुख्यतः ज्वारीवरच पोट भरणारे गरीब लोक. म्हणून ज्वारी वाईट ठरत नाही. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे काहीच नसणं वाईट.

आता पेलाग्रा क्वचितच दिसतो. पण म्हातारपणी ताट रिकामं होणं थांबलेलं नाही. दात नाहीत, भूक कमी, म्हणून आजी चहात चपाती बुडवून खाते. दूध नातवाला, अंडं कामावर जाणाऱ्याला. दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळणारं बी-१२ जीवनसत्त्व फार कमी पडलं तर हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. हे वेळेवर कळलं तर उपचार आहेत. उशीर झाला तर नुकसान पूर्ण भरून येत नाही.

सगळंच विसरणं खाण्यामुळे होत नाही, आणि खाण्यानं प्रत्येक आजार बराही होत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा, बी-१२ च्या तपासणीबद्दल विचारा. आणि ताट बघा. मऊ वरण-भात, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली पालेभाजी, कपभर दूध किंवा वाटीभर दही, चालत असेल तर अंडं. चावायला सोपं आणि ताकदीचं.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की प्रत्येकीनं एवढंच सांगायचं: काल आपल्या सासूबाईंनी, आईनं दिवसभरात काय खाल्लं? आणि मैत्रिणींनो, आपण स्वतः काय खाल्लं? म्हातारपण आपल्यालाही येणार आहे.